इंजिनाचं विलीनीकरण

स्वदेशीवर माझी इतकी निष्ठा होती, की विलायती मोटार विकत घ्यायला जातानाही मी खादीचाच सदरा घालून गेलो होतो.

त्या दिवसांत मला यात काही वावगं वाटलं नाही. पोलीस ॲक्शन नुकतीच होऊन गेली होती, हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात विलीन झालं होतं. जहागिऱ्या गेल्या, तसे शहरातले जहागीरदार एकेक करून झुंबरं, गालिचे आणि मोटारी विकायला काढू लागले. मी सुलतान बाजारात राहणारा नवा वकील. अशिलं कमी, भाषणं जास्त. 'परदेशी वस्तूला हात लावण्याआधी तो हात कुणाच्या मातीचा आहे हे आठवा,' हे माझं वाक्य गल्लीतल्या भाजीवालीलासुद्धा पाठ होतं. (ती मला उधारी देताना ते म्हणून दाखवायची.) असा मी, एका जहागीरदारांची लांबलचक विलायती गाडी एका दुभत्या म्हशीच्या किमतीत घेऊन दारात उभा राहिलो.

"अन् ते स्वदेशीचं व्रत?" आईनं उंबऱ्यातूनच विचारलं.

"आई, गाडी इकडे आली युद्धाच्या आधी. तिचे पैसे विलायतेला गेले ते तेव्हाच. मी दिले ते आपल्याच गावच्या माणसाला."

"कोर्टात एवढं बोलत जा," आई म्हणाली आणि गाडीला ओवाळायला निरांजन आणायला आत गेली.

गाडीबरोबर करीममियाँ आले. ते जहागीरदारांचे जुने ड्रायव्हर. ते सौद्यात नव्हते, पण त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातानं गाडी सुरूच होत नव्हती. मी हँडल मारलं की ती नुसती शिंकायची. करीममियाँ नुसते जवळ जाऊन "चलो बेगम" म्हणाले की थरथरून जागी व्हायची. त्यामुळे गाडीचा मालक मी आणि गाडी त्यांची, अशी आमची सरळ वाटणी झाली.

आता मालूचं सांगतो, कारण खरा प्रश्न तिचा होता. मालू माझी धाकटी बहीण, मुलींच्या शाळेत शिकवायची. परभणीचा सुधाकर इथे डॉक्टरकी शिकत असताना कोठी भागातल्या वाचनालयात यायचा. मालूही यायची. दोघं पुस्तकं फार लवकर वाचून परत करू लागली, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. आईच्या आलं. सुधाकरचं शिक्षण संपलं, परभणीला दवाखाना निघाला, दोन्ही पोरांचं ठरलं. राहिला होता फक्त तात्यासाहेबांचा होकार.

तात्यासाहेब म्हणजे सुधाकरचे वडील. चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, अंगावर स्वतः कातलेल्या सुताचे कपडे, आणि परदेशी वस्तू न वापरण्याची प्रतिज्ञा. प्रतिज्ञा अनेकांनी केली होती (मीही केली होती, टाळ्या घेऊन), पण हे गृहस्थ ती पाळत होते. सुधाकरच्या थोरल्या भावाचं एक स्थळ त्यांनी केवळ चहा विलायती कपातून दिला म्हणून मोडलं होतं. चहासुद्धा पूर्ण प्यायले नव्हते म्हणे.

मालूनं मला गच्चीवर गाठलं. "दादा, मला सुधाकरशीच लग्न करायचंय. तात्यासाहेब येतील तेव्हा तू बोलू नकोस, म्हणजे होईल."

मी दुखावलो. पण त्याहून वाईट म्हणजे मी आधीच बोलून बसलो होतो. तात्यासाहेबांना आमंत्रणाचं पत्र लिहिताना हात सैल सुटला आणि 'सिकंदराबाद स्टेशनावर आमची मोटार आपल्या सेवेस हजर राहील' असं वाक्य पडून गेलं. परभणीची गाडी काचीगुड्यापर्यंत येते. काचीगुडा आमच्या घरापासून चालत जाण्याजोगं. पण तिथे उतरले असते तर मोटार मिरवायला रस्ताच उरला नसता. म्हणून मी त्या म्हाताऱ्या माणसाला हुसेनसागर तलाव दाखवण्याच्या निमित्तानं अलीकडेच उतरवून घेणार होतो!

आईनं घर साफ करायला घेतलं. भिंतीवरचं घड्याळ, कपबश्या, माझा दाढीचा वस्तरा, शिवणयंत्र, सगळं विलायती निघालं. इतकी वर्षं स्वदेशीवर बोलून मी घरात नेमका देव्हारा तेवढा देशी ठेवला होता. सामान शेजारच्या वेंकम्मांकडे पोहोचवलं. आम्ही घर सोडून चाललो असं वाटून त्यांनी निरोपाचा पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, करून पाठवला. शिवणयंत्र जड, ते हलेना. त्यावर चादर टाकून गणपती बसवला आणि दोन उदबत्त्या लावल्या.

"अन् गाडी?" मालूनं विचारलं.

गाडीवर चादर टाकून गणपती बसवता येत नव्हता. तिच्या नाकावर कंपनीचं विलायती नाव चकचकत होतं. मी ते स्वतः काढलं. मागे भोकं राहिली. ती झाकायला तांबटाकडून 'जय हिंद' अशी पितळी पाटी करून आणली आणि ठोकली. करीममियाँ हात बांधून बघत उभे राहिले.

"करीममियाँ, ही गाडी विलायती आहे हे कुणाला बोलायचं नाही."

"साब, मेरेकु झूट बोलने कु नक्को बोलो," ते म्हणाले. "मैं चुप बैठतूँ. पन कोई पूछा तो जो है सो बोलतूँ."

ठरल्या दिवशी सिकंदराबादला तात्यासाहेब उतरले. उंच, काठीसारखे ताठ, खांद्याला झोळी, हातात तांब्या. सुधाकर मागे बॅग घेऊन. मी पुढे होऊन नमस्कार केला. तात्यासाहेब गाडीजवळ आले, पाटी वाचली, गाडीला एक फेरी मारली आणि दारापाशी थांबले.

"वकीलसाहेब, बसायच्या आधी विचारतो. गाडी कुठली?"

मालूचं वाक्य मला लख्ख आठवलं. मी खोकलो. हवेबद्दल बोललो. काठावरून हुसेनसागर किती सुंदर दिसतो तेही सांगितलं.

"ते बघू. गाडी कुठली?"

"देशी आहे," माझ्या तोंडून गेलं. पुढच्या सीटवर करीममियाँ "या अल्ला" असं हळूच पुटपुटले. सुधाकरनं रुळांकडे तोंड फिरवलं.

तात्यासाहेब बसले. बसताना काठावर टेकून, ताठ. पण जहागीरदारांची गादी ती! हुसेनसागर येईपर्यंत ते पाठीला टेकले, आणि सागर संपेपर्यंत त्यांनी पायही लांब केले.

"आमच्या बैलांच्या दमणीत बसून बसून कंबर गेली बघा," ते म्हणाले. "आपल्या लोकांनी अशी गाडी केली, हे ऐकून लई बरं वाटलं."

मला स्टेशनावरचाच घाम पुन्हा फुटला. हे शब्द ऐकून कुठल्याही प्रामाणिक माणसाला लाज वाटली असती. मला फक्त घर जवळ येतंय याचा आनंद होत होता. तेवढ्यात आबिड्सच्या भर चौकात, पोस्टापुढे, बेगमनं दोन गचके दिले आणि ती थांबली.

करीममियाँ उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. भोवती माणसं जमली. कुणी पाणी टाका म्हणालं, कुणी ढकला म्हणालं, एक जण टांगा स्वस्तात द्यायला तयार झाला. आणि मी बघतो तो तात्यासाहेब खाली उतरून, चष्मा पुसून, थेट इंजिनात डोकावताहेत. आत पोलादावर विलायती कंपनीचं नाव बोटभर उंचीच्या अक्षरांत ओतलेलं होतं. पाटी मी बाहेरची बदलली होती. आतलं मला कधी उघडून बघावंसंच वाटलं नव्हतं. मालूचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत आबिड्सच्या चौकात मोडणार, एवढंच मला कळलं.

"मियाँ, ही नळी कुठली?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"हुक्के की है साब. चारमिनार के पास से लाया."

"अन् हा पट्टा?"

"मोची से सिलाया. लड़ाई के जमाने में विलायत से एक पुरजा नहीं आता था. नवाब साब बोले, करीम, गाड़ी बंद नहीं पड़ना. तो मैं सब हियाँ बनाया." करीममियाँना आता रंग चढला. ते काडी घेऊन शाळामास्तरासारखे दाखवू लागले. पाण्याच्या टाकीला कलईवाल्यानं ठिगळं लावलेली, बॅटरीची पेटी सुतारानं सागवानात केलेली, पंख्याची पाती बेगमबाजारात ठोकलेली, आणि हॉर्न लग्नाच्या बँडातला. "विलायत का क्या है इस में? नाम था. वो भी साब निकाल दिये."

मी सुधाकरच्या मागे उभा राहिलो.

तात्यासाहेबांनी काडी घेतली आणि मधल्या काळ्या धुडावर टेकवली. "अन् हे?"

"ये?" करीममियाँ जरा नाइलाजानं म्हणाले. "ये तो बस इंजिन है."

तात्यासाहेब वाकले. अक्षरांवरची काजळी त्यांनी स्वतःच्या उपरण्यानं पुसली आणि नाव सावकाश वाचलं. मग त्यांनी गाडीच्या मऊ गादीकडे पाहिलं. मग कंबरेवर हात ठेवून ते हळूहळू सरळ झाले.

"वकीलसाहेब, आपलं हैदराबाद कसं होतं?" ते एकाएकी म्हणाले. "चारी बाजूंनी हिंदुस्थान अन् मधोमध हे एकटं, स्वतंत्र राहतो म्हणून बसलेलं. शेवटी झालं ना विलीन?"

"झालं," मी म्हणालो.

"मग या इंजिनाचं तसंच समजा. चारी बाजूंनी देशी पुर्जे. मध्ये एकटं राहून करणार काय? विलीन झालं ते." आणि ते आत जाऊन टेकून बसले. गर्दीतून कुणीतरी टाळी वाजवली. माझ्या उभ्या वकिलीत असा युक्तिवाद मला सुचला नव्हता. करीममियाँनी हुक्क्याच्या नळीत जोरात फुंकर मारली, "चलो बेगम" म्हणाले आणि गाडी सुरू झाली.

घरी पितळी ताटल्यांत पोहे आले. तात्यासाहेबांनी शिवणयंत्रावरच्या गणपतीला हात जोडले. (आईनं माझ्याकडे बघितलं नाही, मीही नाही.) मग त्यांनी मालूला विचारलं, "मुली, सूत कातता येतं का?"

"नाही," मालू म्हणाली. "शिकेन."

"खरं बोलते," ते खूश होऊन म्हणाले. "नाही तर तुझा भाऊ. स्टेशनावर 'देशी आहे' म्हणाला तेव्हाच मी ओळखलं. खरं बोलणाऱ्याला एवढा घाम येत नाही." आणि त्यांनी होकार दिला. मालूनं मान खाली घातली, पण मला तिचा चेहरा दिसत होता. त्या क्षणी मी त्या म्हाताऱ्याला काहीही देऊन टाकलं असतं.

तेच झालं.

"हुंडा घेणं मी पाप समजतो," तात्यासाहेब जाताना म्हणाले. "तुम्ही दिला तरी घेणार नाही. पण परभणी जिल्ह्यात स्वदेशीच्या प्रचाराला हिंडावं लागतं. ही गाडी देशकार्याला लागली तर..."

"दादा देईल की," मालू लगेच म्हणाली. अजून लग्न व्हायचं होतं, पण ती त्या घरची झाली होती.

लग्नानंतर गाडी परभणीला गेली आणि करीममियाँही गेले, कारण त्यांच्यावाचून ती सुरू होत नव्हती. मी बरेच दिवस पायी कोर्टात गेलो. मग मात्र इरेला पेटून, नंबर लावून, कर्ज काढून अस्सल हिंदुस्थानी गाडी घेतली. कोरी. कारखाना देशी, मालक देशी, नावसुद्धा देशी. दसऱ्याला तात्यासाहेब मालूला घेऊन आले तेव्हा मी गाडीला झेंडूचा हार घालून दारात उभी केली आणि छाती पुढे काढून म्हणालो, "तात्यासाहेब, आता काय बघायचं ते बघा."

त्यांनी चष्मा पुसला आणि बॉनेट उघडलं. इंजिनावर विलायती नाव. पंख्यावर विलायती नाव. बॅटरीवर, पट्ट्यावर, नळीवर, जिथे जिथे त्यांनी उपरणं फिरवलं तिथे तिथे विलायती नाव. मी धावत जाऊन विक्रेत्याला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पुर्जे पेट्यांतून बोटीनं येतात. पण स्क्रू सगळे आपल्याच माणसांनी पिळलेत."

तात्यासाहेबांनी त्या गाडीत पाय ठेवला नाही. स्टेशनावर ते टांग्यानं गेले. मी निरोप द्यायला माझ्या गाडीनं टांग्याच्या मागोमाग निघालो, तर मालूनं टांग्यातूनच हातानं खूण केली की जरा अंतर ठेव.

तात्यासाहेब पुढे कित्येक वर्षं बेगमच्या मऊ गादीवर बसून जिल्हाभर स्वदेशीची व्याख्यानं देत हिंडले. व्याख्यानात परदेशी मालाच्या मोहानं वाया गेलेल्या माणसाचं एक उदाहरण असायचं, आणि मालू लिहायची की सभा नेमकी तिथेच हळहळायची. पण माणूस सभ्य. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. 'आमच्या सुनेचा भाऊ, हैदराबादेत वकील असतो,' एवढंच म्हणायचे.