आईच्या सायीचा तिरामिसू

पुलगावची एसटी रोहण्याच्या स्टँडवर उभी होती आणि बाबा कंडक्टरशी हुज्जत घालत होते. लग्नानंतर मी आणि सतीश पहिल्यांदा पुण्याला निघालो होतो. सोबत कपड्यांच्या बॅगा आणि वांगी, हिरव्या मिरच्या, सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, असं कोंबून भरलेलं पोतं. बाबा भाजीपाला पिकवतात, आर्वीच्या बाजारात नेऊन विकतात. लेकीला रिकाम्या हाताने पाठवलं तर त्यांचं नाकच कापलं गेलं असतं. कंडक्टर म्हणत होता, पोतं वर टाका. बाबा म्हणत होते, वर टाकलं तर सांभार सुकून जाईल. शेवटी ते पोतं सतीशच्या मांडीवर बसून पुलगावपर्यंत आलं. हिंगणघाटच्या जावयाचा आमच्या गावातला हा पहिला मान.

आई रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. खिडकीच्या गजातून हात घालून तिने माझा पदर सारखा केला आणि हसत म्हणाली, "येईन मी तुह्या घरी. पन जेवाची नाई हं. लेकरू झालं की मंग पोटभर जेवीन." सतीश लाजून रस्त्याकडे बघायला लागला. मीही हसले. तेव्हा ते लाडाने दिलेलं वचन वाटलं होतं.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या माझ्या मैत्रिणींना हे सांगायला नको, पण त्यांच्या मुलांना कदाचित माहीत नसेल. मुलगी दिली की तिला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, अशी आपल्याकडे रीत. आता ती फार थोड्या घरांत उरली आहे आणि आमचं घर त्यांपैकी एक. माझ्या आजीनेही, म्हणजे आईच्या आईने, ती पाळली होती. तिला फार थांबावं लागलं नाही, कारण मी घाईने जन्माला आले.

पुणं मला आवडलं, हे आधीच कबूल करते. लिफ्ट आवडली, ऑफिसचं आयकार्ड गळ्यात अडकवणं आवडलं, रविवारी उशिरा उठणं तर फारच आवडलं. गावाकडे फोन करताना मात्र मी उगाच म्हणायची, "करमत नाई वो आई." तिला बरं वाटायचं.

तिरामिसू हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. ऑफिसात एका मैत्रिणीने वाढदिवसाला घरून करून आणला होता. काचेच्या डब्यात थर दिसत होते, वर कोकोची पूड. सगळ्या जणी डोळे मिटून खात होत्या आणि माझ्या मनात आलं, अरे, हे तर बाबांचं सकाळचं काम! बाबा रोज चहात टोस्ट बुडवतात, तो पार लोळागोळा झाला की चमच्याने खातात. इटलीतल्या लोकांनी चहाच्या जागी कॉफी घेतली आणि वर साय पसरली, एवढंच. मैत्रिणीला हे सांगितलं तर ती खूप हसली आणि तिने मला कृतीच सांगून टाकली. ते महागाचं इटालियन चीज नको, चक्का आणि क्रीम घे. परदेशी बिस्किटं नकोत, साधे टोस्ट चालतात. अंडं नको. तेव्हापासून आमच्याकडे कोणी आलं की मी तेच करते.

आलेल्या प्रत्येकाने तो खाल्ला, फक्त आईने नाही. ती पुण्याला यायची ती शिदोरी घेऊन. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू आणि पाण्याची स्वतःची कॅन. माझ्या डायनिंग टेबलावर बसून ती स्वतःचा डबा सोडायची आणि वर मलाच वाढायची. सुरुवातीला याची गंमत वाटायची. पुढे आमची डॉक्टरांकडे ये-जा सुरू झाली, तपासण्या, इंजेक्शनं, पुन्हा तपासण्या, आणि तिचा डबा उघडला की मी काहीतरी निमित्त काढून टेबलावरून उठायला लागले. ती एका शब्दाने काही विचारायची नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. तो डबाच रोज विचारत होता.

मग मी आणि सतीशने एका संध्याकाळी बसून ठरवलं की आता पुरे. खूप रडलो आणि नंतर हलकंही वाटलं. आम्ही दोघं मिळून एक घर आहोत, हे आम्हाला पटलं होतं. आईला ते कसं पटवायचं हा प्रश्न होता. कारण तिच्या हिशेबाने याचा अर्थ सरळ होता. ती माझ्या घरी कधीच जेवणार नव्हती.

या उन्हाळ्यात ते सांगायचं ठरवूनच मी एकटी रोहण्याला गेले. दोन दिवस गेले तरी तोंडातून शब्द निघेना. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आई, मी आज एक गोड बनवतो." हात कामात असले की जीभ सुटते, असा माझा अनुभव आहे.

"बनव ना. काय लागते?" आई म्हणाली.

दही मी आदल्या रात्रीच कोणाला न सांगता फडक्यात बांधून खुंटीला टांगून ठेवलं होतं. टोस्ट बाबांच्या डब्यात होते. कॉफीची पुडी गावातल्या दुकानात मिळाली. कोको नव्हता, मुलांच्या दुधात घालायची चॉकलेट पावडर मिळाली, ती घेतली. अडलं ते सायीपाशी. म्हशीच्या दुधाची साय आई तुपासाठी जमवते आणि त्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, हात लावायची घरात कोणाची छाती होत नाही. "विरजण लावायच्या आधीची घे," असं म्हणत तिने आढेवेढे घेत वाटीभर काढून दिली.

तीही मदतीला बसली. "साय हलकी फुलेपर्यंत घुसळ," एवढं सांगून मी चक्क्यात साखर आणि वेलची मिसळायला वळले. रवी हातात आल्यावर आईला थांबायचं कुठे हे कोण सांगणार? आयुष्यभर तिने साय घुसळली ती लोण्यासाठीच. वळून बघते तर गंजात लोण्याचे कण तरंगायला लागलेले आणि आईच्या चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान.

"बाप्पा! आई, लोनी कायले काढलं?"

"मंग सायीचं काय काढतेत?"

पुन्हा साय मागितली. या वेळी तिने ती कपाळाला आठ्या घालून दिली आणि ती मी स्वतः घुसळली. तोपर्यंत तिकडे बाबांनी त्यांच्यावर सोपवलेले टोस्ट कॉफीत बुडवले होते. नुसतं बुडवून लगेच काढा, असं मी बजावलं होतं. पण टोस्ट पुरता विरघळेपर्यंत काढायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय. ताटात लगदा झाला होता. "हे असंच चांगलं लागते बाई," ते शांतपणे म्हणाले. मी तो लगदाच थापला, वर चक्का नि साय पसरली, चॉकलेट पावडर भुरभुरवली आणि फ्रिजमधल्या बियाण्याच्या पुड्या बाजूला सारून डबा आत ठेवला.

दुपारी काढला. थर कसले, खालपासून वरपर्यंत सगळं एकजीव. बाबांनी दोनदा घेतला. आईने वाटी हातात घेतली, चमचा भरला आणि तोंडाशी नेता नेता थांबली.

"हे तू पुन्यात बनवतं ना वो? पाव्हने आले की?"

"हो."

तिने चमचा वाटीत ठेवला. "मंग हे तुह्या घरचं झालं."

"अवो, साय तुही, दही तुहं, टोस्ट माहे," बाबा म्हणाले. "तिच्या घरचं काय हाय त्याच्यात?"

"हात तिचा हाय," आई म्हणाली. ती अडून बसली नव्हती. खरंच कोड्यात पडली होती आणि मला तिची फार माया आली. त्या मायेच्या भरातच मी बोलून गेले. "आई, लेकरू नाई होनार आता. आमी सारं बंद केलं. मी आन् सतीश ठीक आहोत, पन लेकरू नाई होनार."

बाबा उठले आणि उगाच बाहेर म्हशीकडे गेले. आईचे डोळे भरले, तिने ते पदराने पुसले, मग माझेही त्याच पदराने पुसले.

"मले आधी काऊन नाई सांगितलं?"

"तू मंग कधीच जेवली नसती माह्या घरी."

"येडी हाय काय?" ती म्हणाली. "ज्याच्यासाठी थांबून होतो तेच येनार नाई, तं आता मी कोनासाठी उपाशी राहू?"

आणि तिने तो चमचा तोंडात घातला. कॉफी कडू लागली असावी, तिचं तोंड वाकडं झालं. पण तिने वाटी संपवली. नुसती संपवली नाही, बोटाने पुसून घेतली.

मागच्या महिन्यात ती पुण्याला आली. मी साधाच स्वयंपाक केला होता, भात, वरण, भरलेली वांगी. ताट तिच्यापुढे ठेवलं आणि मी समोरच बसले. तिने पहिला घास घेतला, चावला आणि म्हणाली, "भाजीत मीठ कमी हाय."

पाहुणी म्हणून जेवायला गेलं की मीठ कमी असलं तरी आपण गोड मानून घेतो. आई मात्र सरळ ताटावरून उठली, मला न विचारता माझी कपाटं एकेक उघडायला लागली, आणि मीठ कुठे आहे हे ठाऊक असूनही मी तिला सांगितलं नाही.