येताना सांगायची गोष्ट

आमच्या पिंपळगाव राजाहून खामगावच्या दवाखान्यात माणूस न्यायचा, तर तेव्हा पुंजाकाकांची बैलांची दमणीच. नवा महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. एस.टी. गावात यायची, पण कण्हणाऱ्या माणसाला कंडक्टर कसला चढू देतोय! मग कुणीतरी काकांच्या दाराशी धावायचं. काका जेवत असले तर ताट सरकवून उठायचे. ते बैल जुंपेपर्यंत तानुकाकू दमणीत गव्हाच्या भुशाचं मऊ कुटार पसरायची, वर गोधडी टाकायची आणि पाण्याचा लोटा ठेवायची.

काकांना औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांचा इलाज एकच, गोष्ट. रस्ता खाचखळग्यांचा, नजर पुढे ठेवावी लागायची, मागे वळून बघायची सोय नाही. म्हणून कासरा हातात घेतला की ते गोष्ट सुरू करायचे आणि आजाऱ्यानं हुंकार द्यायचा. हुंकार खणखणीत असला की बैल सावकाश, म्हणजे धक्के कमी. हुंकार दुबळा झाला की दमणी थांबवून तोंडावर पाणी मारायचे आणि मग बैल पिटाळायचे. गोष्ट मात्र दवाखाना आला की अर्ध्यावर तोडायची. "उरलेली येताना सांगतो. अर्धी गोष्ट सोडून कोनी मरते काय बे?"

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हणतात. लोक चिडवायचे, तर काका म्हणायचे, "माह्या मामाले जलमभर वाट नाई सापडली, आता काय चुकते तो?" असा हसरा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आता सायरनवाल्या गाड्या आल्या, फार चांगलं झालं, पण त्यात कुणी गोष्ट सांगत नाही. मला ते खटकतं, म्हातारी म्हणून हसलात तरी चालेल.

एकदा हिंमतरावांच्या तुळशीरामला साप चावला. काकांनी बैल जुंपले, बाप मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. गोष्ट सुरू झाली. मागून "हाव... हाव..." येत राहिलं, म्हणून काकांनी बैल पळवले नाहीत, पोराला हादरे नकोत म्हणून जपून हाकले. दवाखान्याशी वळून बघतात तो तुळशीराम गार पडलेला. अर्ध्या वाटेपासून हुंकार बाप देत होता. घाबरलेल्या बापाला गोष्टीचाच आधार वाटला, आणि बापलेकांचा आवाज एकासारखा एक. डॉक्टर म्हणाले, विष आधीच भिनलं होतं, लवकर येऊनही उपयोग नव्हता. हिंमतरावांनीही कधी बोल लावला नाही. पण काकांना ते पटलं नाही. त्यांनी दमणी गोठ्यामागे उभी केली ती केलीच. कुणी बोलवायला आलं तर मान हलवायचे. जेवण तुटलं. ओट्यावर बसून एकटेच पुटपुटायचे. तानुकाकू सांगायची, तुळशीरामची उरलेली गोष्ट आहे ती, तोंडात घोळते आणि बाहेर पडत नाही.

त्यातच मी, कोकिळा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. सकाळपासून कळा, मूल आडवं. भिमाबाई सुईणीनं हात टेकले. माझी आई, अन्नपूर्णाबाई, अनवाणी काकांकडे धावली.

"माह्या दमणीत नका घालू पोरीले," काका म्हणाले. "मले मांगचं आयकू येत नाई."

तानुकाकू वाद घालणारी नव्हेच. तिनं स्वतः दमणी ओढून बाहेर काढली, बैल जुंपले, मला आत निजवलं. मग कनवटीची सुपारी काढून एक माझ्या आईच्या तोंडात कोंबली, एक स्वतःच्या. ती कोंबण्याआधी म्हणाली, "आता आतून आवाज आला तं तो कोकिळेचाच. आमचं तोंड बंद हाये. बसा जी."

काका बसले. बराच वेळ नुसतीच चाकं वाजत होती. कळांनी मी अर्धमेली झाले होते, पण खरं सांगते, त्या कळांपेक्षा त्या मुकेपणाची मला जास्त भीती वाटली. मीच ओरडले, "काका, गोष्ट!"

त्यांनी घसा खाकरला. "एका कुंभाराचं गाढव होतं..."

"हं."

गाढव चुकून राजाच्या गादीवर जाऊन बसलं आणि राजा दारात आला, एवढ्यात खामगाव आलं. माझा थोरला तिथे जन्मला.

येताना पोर कुशीत घेऊन मी उरलेली ऐकली. राजानं गाढवालाच मुजरा केला म्हणे. मी हसले, आई हसली. मग तानुकाकूनं येतानाही तोंडात धरलेली सुपारी काढली. "आता तुळशीरामाची राह्यलेली सांगा. हुंकार मी देईन."

काकांनी सांगितली. हुंदके देत, थांबत थांबत, पण शेवटपर्यंत. त्यानंतर दमणी पुन्हा कधी गोठ्यामागे गेली नाही. जो परत यायचा नाही, त्याची उरलेली गोष्ट तानुकाकू चुलीपुढे बसून ऐकायची. काका सावरले ते तिच्या हुंकारावर. गावाला काका आठवतात, मला दोघं आठवतात.

पुढे काका अंथरुणाला खिळले तेव्हा मी सासरहून गेले. उशाशी बसून त्यांना कुंभाराच्या गाढवाची गोष्ट सुरू केली. त्यांनी डोळे मिटून हुंकार दिला. राजा दारात आला आणि मी थांबले. "उरलेली उद्या, काका."

"लबाड पोरी, माह्यीच खोड मले?" ते हसले.

उद्या त्यांच्यासाठी उजाडलाच नाही.

तेरावं आटोपलं, पाहुणे पांगले. तानुकाकू माझ्यासमोर येऊन बसली. रडली नाही, पदर सावरून म्हणाली, "सांग राह्यलेली."

मी सांगू लागले. ती हुंकार देत होती. राजानं पागोटं सारखं केलं, गाढवापुढे वाकला, आणि माझा आवाज फुटेना. तशी काकूच पुढे सरकली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली,

"हं. मंग?"