पाव्हण्याले भाकर वाढत नाहीत

लोक महाबळेश्वरला हवा खायला जायचे, आम्ही बुलढाणा जिल्ह्यात भाकरी खायला निघालो. खरंच सांगते. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आमचं लग्नही तसं नवंच होतं. माझी नात म्हणते, हल्ली असल्या प्रवासांना वेलनेस टूर म्हणतात आणि लोक त्यासाठी रांगा लावतात. तिच्याच आग्रहानं हे लिहितेय, तेव्हा काही चुकलंमाकलं तर तिला धरा.

कारण होतं यांचं पोट. (यजमानांना मी जन्मभर 'हे'च म्हटलं. ते आता नाहीत, पण जीभ काही बदलत नाही.) चार घास खाल्ले की पोट तट्ट फुगायचं, कळा यायच्या, दुपारी कचेरीत बसवायचं नाही. वर्षभरात माणूस इतका उतरला की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. मला मनातून फार भीती वाटायची. औषधं झाली, इंजेक्शनं झाली. शेवटी पेठेतल्या वैद्यांनी सांगितलं, "गहू, मैदा, तळण बंद. डब्यातलं वनस्पती तूप घरात आणू नका. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, घाण्याचं तेल आणि ताक. दोन-तीन महिने करून बघा."

सांगायला सोपं. आमच्या घरात दोन्ही वेळा पोळ्या. सासूबाई म्हणाल्या, "भाकरी? घरात काय गडीमाणसं जेवायची आहेत?" मला भाकरी थापता येत नव्हती. मी केलेल्या पहिल्या भाकरीला धाकट्या दिरानं कौल म्हणून छपरावर ठेवायची परवानगी मागितली. तेव्हा यांच्या कचेरीतले एक वऱ्हाडातले सहकारी म्हणाले, "माझ्या गावी जा. आमच्याकडे बारा महिने भाकर. वहिनींना माझी माय शिकवेल, तुमचंही पोट सुधारेल." त्यांनी घरी पत्र टाकलं, त्यात पाहुणे येताहेत एवढंच लिहिलं. यांनी रजा टाकली. सासूबाईंना हवापालट असं सांगितलं.

पुण्याहून मनमाड, तिथं गाडी बदलून सकाळी मलकापूर. स्टेशनाबाहेर कापसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागलेली, रस्त्याच्या कडेच्या बाभळींनाही कापूस लटकलेला. तिथून एसटीनं मोताळ्यावरून राजूरचा घाट चढून बुलढाण्याला आलो. खाली ऊन होतं, वर आल्यावर शाल पांघरावी लागली. तुम्ही जाणार असाल तर याच दिवसांत जा, थंडीत. तूर शेंगांनी वाकलेली असते, हरभरा कोवळा असतो, आणि त्या घाटात खिडकीची जागा सोडू नका. बुलढाण्याहून चिखलीची एसटी, आणि चिखलीच्या थोडं अलीकडे फाट्यावर सहकाऱ्यांचे वडील गाडी जुंपून उभेच होते. त्यांना सगळे आबा म्हणत. उंच, मिशाळ, आवाज असा की बैलसुद्धा कान टवकारायचे.

"या साहेब! प्रवासात तरास नाई ना झाला? घर आपलंच हाये."

घर शेतकऱ्याचं, भरलेलं. सहकाऱ्यांच्या आईला सारा गाव माय म्हणायचा, आम्हीही तेच म्हणू लागलो. हातपाय धुऊन पाटावर बसलो तर ताटात टम्म पुऱ्या, शिरा, बटाट्याची भाजी आणि वर डब्यातलं वनस्पती तूप. ते खास आमच्यासाठी चिखलीहून आणवलं होतं. स्वयंपाकघरातून भाजलेल्या भाकरीचा वास येत होता, आणि आमच्या ताटात पुऱ्या पडत होत्या.

हे हळूच म्हणाले, "भाकरी असेल तर मला चालेल."

आबा मोठ्यानं हसले. "अहो साहेब, मस्करी करता का? पाव्हण्याले भाकर वाढत नाहीत!"

पुढचे दोन दिवस हेच. सकाळी पोळी, संध्याकाळी पोळी. शेजारीपाजारी पुण्याचा पाहुणा बघायला यायचे आणि जेवायचं आवतण देऊन जायचे. तिथं पुन्हा पुऱ्या. ज्या घरांत सणालाच गहू दळला जायचा, त्या घरांनी आमच्यासाठी ठेवणीतला गहू काढला होता. नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. यांचा चेहरा मात्र दिवसेंदिवस पांढरा पडत होता.

मी स्वयंपाकघरात शिरून मायला सांगितलं, मला भाकरी शिकायची आहे. ती खूश झाली. पहाटे जात्यावर ताजं दळायचं, कारण, तिच्या शब्दांत, "शिळ्या पिठाले चिकाटी नसते." ज्वारी घेताना दाणा दाताखाली फोडून बघायची. गोडसर लागला तर ती खायची, कडवट लागला तर ढोरांना. तिनं मळणं शिकवलं ते तळहाताच्या टाचेनं, पीठ लोण्यासारखं होईपर्यंत. हरभऱ्याचा कोवळा पाला धुऊन, चिरून, ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवला आणि वर घाण्याच्या तेलाची लसणाची फोडणी दिली. मी तिथंच चुलीजवळ बसून जेवले. इतकं साधं, इतकं चांगलं मी क्वचितच खाल्लंय.

"मला कशी वाढलीस मग भाकर?" मी विचारलं.

"तू लेक हायेस ना आता. चुलीपाशी बसली ते लेक. लेकीले चालते."

"मग यांनाही वाढ ना."

मायनं कपाळावर हात मारून घेतला. "अवं, तू लेक तं ते जवाई झाले! जवायाले भाकर?"

त्या संध्याकाळी जावयाच्या ताटात तुपाचा चमचा दोनदा फिरला. मी लेक होऊन नवऱ्याचं भलंच केलं होतं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जे व्हायचं तेच झालं. शेतातून परतताना यांना बांधावरच कळ आली. पोटाशी पाय घेऊन हे तुरीच्या सावलीत पडले, कपाळावर घामाचे थेंब. आबांनी गाडीत घालून घरी आणलं. आता मात्र मी सगळं सांगून टाकलं. वैद्यांचं, पथ्याचं, आम्ही मुळात कशासाठी आलो त्याचं.

आबा गंभीर झाले. म्हणाले, "बिमार मानसाले भाकर? बाई, ते तं जड असते. बिमाराले दूध-पोळी, नाईतर बिस्किट." आणि गडी बिस्किटं आणायला चिखलीला धाडला!

मला रडूच आलं. रागानं आलं म्हणा, भीतीनं म्हणा. माय माझा हात धरून आत घेऊन गेली.

"त्यायचा राग नको धरू," ती म्हणाली. "जवाई बिमार पडला आन आबाच्या घरी त्याले भाकर खाऊ घातली, असं गावानं म्हटलं तं ते मान वर करून पाराकडे जातीन का? मानसाचं ऐकत नाई वं इथं कोनी. देवाचं तेवढं मोडत नाईत."

आणि मग तिनं सुचवलं. देऊळगाव राजाला बालाजीसमोर गहू सोडायचा. आमच्याकडे काशीला गेलं की लोक एखादी आवडती वस्तू सोडून येतात, तसंच. देवाला सोडलेली वस्तू कुणी ताटात वाढत नाही. मग भाकरी वाढण्यात कमीपणा नाही, उलट मान.

यांना हे सांगितलं तर हे उठून बसले. यांचा देवाधर्मावर काडीचा विश्वास नव्हता. "खोटं बोलून भाकरी मिळवायची? मला नाही जमणार."

माय दारातच उभी होती. "खोटं काऊन बोलता? खरंच सोडा."

"म्हणजे कायमचा?"

"मंग काय आठ दिसासाठी देव असते का?" आणि पुढं म्हणाली, "आन मोडलं तं पाप मलेबी लागन. मीनंच सांगतलं ना तुमाले."

हे म्हणाले, "बरं. सोडतो." पुरणपोळी म्हणजे यांचा जीव की प्राण. सासूबाईंच्या हातची पातळ पुरणपोळी, वर तूप, सोबत दूध. होळीच्या आधी आठवडाभर घरात तिचीच चर्चा. ते मी आत्ता लिहितेय. तेव्हा माझ्या मनात फक्त यांचं पोट होतं.

यांना जरा बरं वाटल्यावर चिखलीहून एसटीनं देऊळगाव राजाला गेलो. आबा, माय आणि आम्ही दोघं. रस्ता खडबडीत, पण दोन्ही बाजूंना शेतं बघण्यासारखी. जसजसं पुढं जावं तसतशी एसटीतली बोली बदलत गेली, 'मले'चं 'मला' झालं, जालना जवळ आल्याची ती खूण. गाव व्यापाराचं, गजबजलेलं. देवळात गर्दी नव्हती. मायनं पदराच्या गाठीतून मूठभर गहू काढून यांच्या ओंजळीत घातले. हे देवासमोर उभे राहिले, गहू वाहिले आणि हात जोडले. मी यांना हात जोडताना पहिल्यांदाच बघत होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणालात देवाला?"

"काही नाही," हे म्हणाले. "पुरणपोळी आठवली."

त्या दिवसापासून आबांचा नूरच पालटला. पारावर बसून ज्याला त्याला सांगायचे, "आमच्या जवाईबापूनं बालाजीले गहू सोडला!" मग जी घरं पुऱ्यांची आवतणं देत होती, त्यांच्याकडून झाकलेल्या ताटांत भाकरी येऊ लागल्या. कुणाची पांढरी, कुणाची तिळाची, कुणाची ज्वारीत उडीद घातलेली. कुणाची भाकरी जास्त फुगली यावर बायकांची जुंपायची. सोबत जवसाची चटणी, भाजलेलं वांगं, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, गाडगंभर ताक. हे जेवायचे आणि मी बघत बसायची. रजा वाढवून घेतली. निघायच्या सुमाराला हे आबांबरोबर शेताला चक्कर मारून यायचे, न थांबता.

परतीला जालन्याहून गाडी धरली. आबांनी ज्वारीचं पोतं बांधून दिलं, ते चढवता-उतरवता हमालांनी आम्हाला काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर यांच्या अंगावर मांस चढलं, कळा थांबल्या. तुमच्या पोटाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी आमच्या घरचं सांगतेय. माझी भाकरी फुगू लागली. सासूबाई आधी नाक मुरडायच्या, मग म्हणू लागल्या, "एक मलाही टाक गं, बघू." होळीला मात्र त्यांनी पुरणपोळी केली आणि लेकाच्या पुढ्यात ठेवली. "तो देव कुठं लांब, अर्धीनं काय होतंय?" यांनी ताट हलकेच बाजूला सारलं. "देवाचं मला माहीत नाही, आई. पण तिथं एक बाई माझ्यासाठी पापाला जामीन राहिलीय." त्या दिवशी सासूबाईंनीही पुरणपोळी खाल्ली नाही.

वर्षं गेली. बरोबरीची माणसं लग्नामुंजीत जिलब्या, लाडू, पोळ्या हाणायची आणि हे घरून नेलेल्या भाकरीची पुरचुंडी उघडायचे. लोकांना वाटायचं, केवढा हा देवभोळा माणूस! हे खुलासा करायचे नाहीत.

मग एके दिवशी यांचे ते सहकारी घरी येऊन सांगून गेले की माय गेली. शेवटपर्यंत हिंडतीफिरती होती, म्हणाले. दिवस होळीचेच होते. पुरण शिजत होतं. संध्याकाळी हे अंगणात नुसतेच बसून होते. मला यांची फार दया आली, आणि खरं सांगते, मला वाटलं आता सुटले बिचारे. मी जवळ जाऊन म्हटलं, "अहो, आता तरी घ्या एक घास. आता मायला कसलं पाप लागणार?"

यांचे डोळे भरले होते.

"ती होती तोवर मोडलं असतं तर जाऊन तिचे पाय धरता आले असते," हे म्हणाले. "आता कुणाचे धरू? जा, भाकरी टाक."