खिडकी उघडी ठेवून केलेली नक्कल

शकू गेल्याचा फोन तिच्या मुलाने सकाळी केला, तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. ही इथंही माझ्या पुढे गेली, असं वाटलं... मग मेथी बाजूला सारली आणि रडले. महिना झाला त्याला. शकुंतला बिराजदार किती चांगली होती हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी जन्मभर तिचा हेवा केला, त्यामुळे माझ्याकडची शकू जरा वेगळी आहे.

सत्तरच्या दशकात, दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षांत, सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी नोकरीला होते. क्षयाच्या रोग्यांचा दवाखाना. मी नोंदी ठेवायची. मॅट्रिकला पहिला वर्ग आणि अक्षर असं की डॉक्टर पाहुण्यांना मुद्दाम माझी कार्डं काढून दाखवायचे. दोन वर्षांनी शकू माझ्या हाताखाली आली. मंद्रूपहून रोज पहिल्या एस.टी.ने यायची, डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी, बोलणं सगळं हाय-न्हाय, आणि अक्षर तर विचारूच नका. दोन महिन्यांत रोगी औषधाच्या खिडकीशी येऊन मला विचारायला लागले, "त्या मंद्रूपच्या बाई कुटं हायेत?" अक्कलकोटकडून आलेल्या म्हाताऱ्यांशी ती कानडीत बोलायची. मला कानडी येत नव्हतं. माझ्या पोटात तेव्हापासून दुखायला सुरुवात झाली.

प्रत्येक रोग्याचं एक कार्ड असे. औषध कोणतं, इंजेक्शन कधी, त्रास काय, सगळं त्यावर. कपाटाला दोन खण होते. औषध नेमाने घेणाऱ्यांची कार्डं एका खणात, यायचं बंद झालेल्यांची दुसऱ्या खणात. या दुसऱ्या खणातली कार्डं बघून आमचा माणूस सायकलवरून घरोघर जायचा आणि लोकांना समजावून परत आणायचा. एके दिवशी त्या कपाटाला वाळवी लागलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, सगळ्या कार्डांची नक्कल करा, मग जुनी जाळून टाकू. पण खिडकी एक दिवसही बंद राहणार नाही, माणसं गाडीभाडं घालून येतात. नक्कल करायचं काम मला दिलं, अक्षरामुळे. मी खूश.

मी सोमवारी बंद झालेल्यांचा खण उतरवून काढला आणि गुरुवारी चालूचा खण घेतला. मधल्या दिवसांत खिडकीवर काम सुरूच होतं. शनिवारी नक्कल पुरी करून मी ऐटीत टेबलावर ठेवली. जुनी कार्डं जाळायला न्यायच्या आधी शकूने दोन्ही गठ्ठे मोजले. कुणी सांगितलं होतं तिला? म्हणाली, "सुमनताई, एक माणूस कमी हाय." मी म्हटलं, तू मोजायला चुकलीस. तिने पुन्हा मोजले आणि एकेक कार्ड ताडून माणूस शोधून काढला. होटगीचा होता. सोमवारी त्याचं कार्ड चालूच्या खणात होतं. बुधवारी ते बंदच्या खणात गेलं. तो खण तर मी आधीच उतरवलेला. माझ्या सुंदर नकलेत तो कुठेच नव्हता, आणि जुनी कार्डं जळाली असती तर त्याच्या दारी कुणी गेलंच नसतं. डॉक्टरांनी विचारल्यावर शकू म्हणाली, आमा दोघींचं चुकलं. त्या वेळी मला ती जितकी नकोशी झाली, तितकी आधी कधी झाली नव्हती. चुकले होते मी एकटी, आणि चांगुलपणा सगळा हिच्या पदरात.

मधल्या दिवसांतल्या आणखीही नोंदी राहिल्या असतील म्हणून डॉक्टरांनी नक्कल पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितली. मग शकूने उपाय सांगितला. नक्कल होईपर्यंत कपाटातल्या कुठल्याही कार्डावर काही लिहायचं नाही, कार्ड या खणातून त्या खणात हलवायचं नाही. खिडकीवर जे काही घडेल ते चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्यांवर आधीच ओळीने आकडे घातलेले. लिहिलेली चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि औषध देताना कार्डाबरोबर डबाही बघायचा. नक्कल पुरी झाली की चिठ्ठ्या आकड्यांच्या क्रमाने जुन्या आणि नव्या दोन्ही कार्डांवर उतरवायच्या, म्हणजे दोन्ही ताडून मगच जुनी जाळता येतील. इतकं साधं. मला का सुचलं नाही, हाच विचार करत मी दिवसभर फिरले. डॉक्टर तर हरखूनच गेले. नोंदीच्या कामाला मुख्य म्हणून एकीला नेमायचं चाललं होतं, आणि दोन वर्षं जुनी म्हणून ती जागा माझी, असं मी धरून चालले होते. आता डॉक्टर शकूकडे बघून बोलायला लागले.

आता लिहिते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही... म्हणजे एकीला सांगितलं, ते पुढे येईल. नक्कल निम्म्यावर आली असताना, शकू जेवायला गेली तेव्हा मी डब्यातली एक चिठ्ठी काढून पदराखाली घेतली. तिची पद्धत फसावी, एवढंच मनात होतं. संध्याकाळी घरी जाऊन ती उघडली. एका बाईला गरगरतं, कानात आवाज येतो, तेव्हा इंजेक्शन बंद करावं, असं त्यावर होतं. बाई दुसऱ्या दिवशीच यायची होती. सकाळी दवाखाना उघडायच्या आत पोचले, तर शकू आधीच आलेली आणि डबा तिच्या मांडीवर. मी चिठ्ठी डब्यात टाकली. तिने ती जागच्या जागी लावली आणि विचारलं, "चा घेता का?"

महिन्याभरात ती मुख्य झाली. पुढे इतर दवाखान्यांतून माणसं तिच्याकडे ही पद्धत शिकायला यायची आणि मी त्यांना चहा सांगायची. आम्ही दोघी त्याच दवाखान्यातून निवृत्त झालो. तिने त्या चिठ्ठीचा विषय कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

संक्रांतीनंतर तिला भेटायला गेले तेव्हा ती पलंगावरच होती. सून स्वयंपाकघरात होती. मी धीर करून म्हटलं, शकू, ती चिठ्ठी मीच काढली होती.

"ठाव हाय की," ती म्हणाली. "सुमनताई, त्याच दिवशी मी डॉक्टरांना सांगणार होते. मुख्य तुमालाच करा म्हनून. मला मंद्रूपहून येऊन लई ओढाताण व्हायची. मग सकाळी डब्यात चिठ्ठी न्हाय."

"मग?"

"मग न्हाय सांगितलं. तुमच्या हातात ते कपाट कसं देऊ?"

इतकंच बोलून तिने डोळे मिटले. मी घरी आले. राग आला होता तो तिचा की माझा, मला सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्या घरी गेले. सुनेने शकूच्या खोलीत बसवलं. पलंगावरची चादर ताणून घातलेली होती आणि उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. रोज भरते, म्हणाली, हाताची सवय जात नाही. ती आत गेल्यावर मी त्या रिकाम्या पलंगाला विचारलं, त्या सकाळी चिठ्ठी टाकताना मी कबूल केलं असतं, तर मलाच मुख्य करा म्हणून सांगितलं असतंस का गं डॉक्टरांना? मग तो तांब्या उचलून सगळं पाणी प्यायले. सून आली, तांब्या रिकामा बघितला, आणि पुन्हा भरून ठेवला.