टेबलावरच्या गाडीला आवाज बसवताना

चारचौघांत सांगावेत असे किस्से लोकांकडे असतात. आमच्याकडे आहेत ते लपवावेत असे! आणि लपवलेली गोष्ट कपाटात कोंबलेल्या कपड्यांसारखी वाढतच जाते. दार उघडलं की अंगावर येते. म्हणून आज म्हटलं, एकदाचं दार उघडूनच टाकू.

आम्ही तिघं. लातूरचे डॉक्टर सोनटक्के, दातांचे. देगलूरचे बालाजीशेठ, बी-बियाण्यांचं दुकान. आणि मी, नांदेडला ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो. तिघांची पन्नाशी उलटली आहे, आणि तिघांना छंद एकच : मॉडेल रेल्वे. डॉक्टरांचा दवाखाना खाली, घर मधल्या मजल्यावर आणि सगळ्यात वरच्या खोलीत आमचा लेआउट. म्हणजे खोलीभर प्लायवूडचं टेबल, त्यावर रूळ, स्टेशन, बोगदा, पूल.

पूर्वी सगळं एका नॉबवर चालायचं. नॉब फिरवला की रुळात करंट, रुळावर असेल ते इंजिन पळणार. मग बालाजीशेठनी मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, आता डिजिटल करायचं. प्रत्येक इंजिनाच्या पोटात चिप. प्रत्येकाला वेगळा नंबर. ज्याला बोलावू तेच येणार. आणि आवाज पण! हॉर्न, ब्रेक, सगळं!"

तिथून आमच्या लाजेचा प्रवास सुरू झाला.

*

मी दर रविवारी लातूरला जातो हे कॉलेजात कळलं. नांदेडचा गणिताचा मास्तर दर रविवारी लातूरला जातो म्हटल्यावर लोकांच्या मनात एकच गोष्ट येणार : क्लास! लातूर म्हणजे क्लासचं गाव. आणि आम्हाला तर बाहेर शिकवण्या घ्यायला बंदी.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "सर, खरं सांगा. लातूरला क्लास घेता का?"

खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? "सर, मी तिथे खेळण्यातल्या इंजिनाला वायरी जोडतो"? डोळ्यांपुढे स्टाफरूम आली, तिथलं हसणं आलं.

मी मान खाली घालून म्हणालो, "हो सर. घेतो."

प्राचार्य बराच वेळ बोलले. शिक्षकाची नीतिमत्ता, समाजाचा विश्वास, लेखी कारवाई. मी न केलेल्या गुन्ह्यासाठी माफी मागितली आणि उठलो. दारापर्यंत पोचलो तोच मागून हाक आली.

"सर... आमच्या मेहुण्याचा मुलगा लातूरलाच असतो. बॅचमध्ये जागा होईल का?"

*

डिजिटलच्या उद्घाटनाला डॉक्टरांनी सासुरवाडीची माणसं बोलावली. उदगीरहून सासरे, सासूबाई, दोन मेव्हणे. कित्येक वर्षं सासरे विचारायचे, "जावईबापू वरच्या खोलीत करतात तरी काय?" डॉक्टरांना वाटलं, आज एकदाच काय ते इज्जतीत दाखवू. वहिनींनी पेढे आणले. रुळाला हार घातला.

चिपमध्ये एक खुबी असते. कारखान्यातून येताना सगळ्या चिपना एकच नंबर दिलेला असतो. एकेक इंजिन रुळावर ठेवून तो बदलावा लागतो. बालाजीशेठना वाटलं मी बदलला. मला वाटलं डॉक्टरांनी. डॉक्टरांना वाटलं, कंपनीकडूनच बदलून येत असेल.

सासऱ्यांच्या हातात रिमोट दिला. डॉक्टर म्हणाले, "मामा, आता फक्त हे लाल इंजिन येईल बघा."

मामांनी बटण दाबलं. लाल आलं. निळं आलं. बोगद्यातलं आलं, शेडमधलं आलं, पुलावरचं आलं! सगळी एकदम हॉर्न वाजवत निघाली आणि स्टेशनासमोर एकमेकांवर चढली. पुलावरचं खाली पडलं ते पेढ्यांच्या ताटात. सासूबाई किंचाळल्या. मामा रिमोट छातीशी धरून म्हणाले, "म्या काय न्हाई केलं!"

डॉक्टरांचा चेहरा बघवत नव्हता. वहिनींनी पेढ्यातून इंजिन उचललं, पदराला पुसलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं. एका हाकेत उठणारं या घरात कुणीतरी निघालं!"

*

आवाजाचं भूत खरं बालाजीशेठच्या डोक्यात. चिपमध्ये भरून आलेला हॉर्न परदेशी होता. "मास्तर, ह्यो हॉर्न आपला न्हाई. आपल्या गाडीचा पायजे." मग आम्ही भोकरच्या पुढे एका रेल्वे फाटकाजवळ गेलो. आवाज भरायचं मशीन घेतलं, लांब काठी घेतली. काठीच्या टोकाला माइक, आणि वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माइकला केसाळ टोपी.

रुळाच्या कडेला आम्ही तिघं काठी धरून उभे. कधी इकडे सरका, कधी तिकडे. डॉक्टर डोळा बारीक करून अंतराचा अंदाज घेत होते.

थोड्या वेळानं शेतातून एक माणूस आला. मग दुसरा. बघता बघता घोळका जमला. कुणी जवळ येईना. शेवटी एक म्हातारी पुढे आली. तिनं डॉक्टरांसमोर हात जोडले.

"सायब, दुसरी लाइन टाकून राहिले का? आमची एवढीच पट्टी हाय. मोजू नका."

आमची काठी, डॉक्टरांची टोपी, माझ्या हातातली वही... त्यांना आम्ही मोजणीवाले वाटलो होतो!

बालाजीशेठनी भडाभडा सांगून टाकलं, "न्हाई आज्जी, न्हाई! आम्ही सरकारी न्हाई. आमच्या घरी खेळण्यातली रेल्वे हाय. तिच्यात हॉर्न भरायला आलोय."

कुणीच हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. घोळक्यातला एक पिकल्या मिशांचा माणूस जवळ आला, त्यानं बालाजीशेठच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं विचारलं,

"घरचं कुणी संग हाय का?"

*

ब्रेकच्या आवाजाचा किस्सा छोटाच आहे. मी वरच्या खोलीत ब्रेकचा आवाज तपासत होतो. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा, जीव कासावीस करणारा. तो नीट बसेना म्हणून पुन्हा पुन्हा वाजवला, आवाज वाढवून वाजवला, खिडकी उघडी ठेवून.

खाली दवाखान्यात निलंग्याच्या एक मुख्याध्यापिका खुर्चीत आ वासून बसलेल्या. डॉक्टरांनी दात कोरायचं मशीन उचललं, अजून सुरूही केलं नव्हतं, आणि वरून किंकाळी! बाई गळ्यातल्या नॅपकिनसकट उठल्या त्या थेट रस्त्यावर. डॉक्टर मागे धावले.

"मॅडम, मशीन बंद हाय! तो आवाज वरच्या मजल्यावरचा हाय!"

"वर कोण आहे?"

दवाखान्याची पाटी वर, चहाच्या टपरीवरचे लोक समोर. डॉक्टर हळूच म्हणाले, "माझे मित्र."

बाईंनी वर खिडकीकडे पाहिलं. चेहऱ्यावर खरीखुरी कणव. म्हणाल्या, "मग त्यांचं आधी करा हो. फार ओरडताहेत बिचारे!"

*

नांदेडजवळ अंध मुलांची एक निवासी शाळा आहे. डॉक्टर तिथे दात तपासायला गेले होते. बोलता बोलता तिथल्या सरांना आमचा छंद कळला. पहिल्यांदाच कुणी हसलं नाही की कीवही केली नाही. सर म्हणाले, "आवाजाची गाडी? मग आमच्या पोरांना ऐकवा की!"

आम्ही हरखलो. उचलून नेता येईल असा छोटा लेआउट केला, हॉलमध्ये मांडला. मुलं सतरंजीवर बसली. भाषण करायला बालाजीशेठ उभे राहिले. गळा साफ केला आणि दणक्यात सुरुवात केली, "मुलांनो, आता डोळे उघडून बघा..."

मी खाली बघू लागलो. डॉक्टर वायरीत डोकं खुपसून बसले. मागच्या ओळीतून एक मुलगा खुशाल ओरडला, "बघतो काका! चालू करा तुम्ही!" आणि सगळी मुलं खळाळून हसली. आम्ही तेवढे हसू शकलो नाही.

गाडी सुरू झाली. इंजिन गुरगुरलं, हॉर्न झाला, रुळाच्या सांध्यावर चाकं खडखडली, ब्रेक लागले. मुलं एकदम चिडीचूप. नुसती मान वळवून गाडीमागे जात होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आमची छाती फुगली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

शिवकांता नावाची एक मुलगी पुढे येऊन टेबलाला कान लावून बसली होती. सातवीतली असेल. तिनं गाडी पुन्हा फिरवायला लावली. मग आणखी एकदा. मग विचारलं,

"काका, गाडी रिकामी पळून राहिली का?"

"न्हाई बेटा!" डॉक्टर खुशीत म्हणाले. "डबे हायेत की मागे. आणि प्रत्येक डब्यात माणसं बसवलीत आम्ही. बारीक बारीक, रंग देऊन. बायका, म्हातारी माणसं, लेकरं. खिडकी खिडकीत."

शिवकांतानं पुन्हा टेबलाला कान लावला. गाडी एक पूर्ण फेरी मारून आली.

"मग बोलत का न्हाईत?"