पाळण्याच्या दोरीसाठी वाळवलेली अंबाडी

आमच्या पडवीत गांजा वाळत होता आणि ती अंबाडी आहे असं घरातल्या एकमेव पदवीधर बाईनं, म्हणजे मी, ठामपणे सांगितलं होतं.

पावसाळ्यात आमच्या चौलच्या वाडीत शेजारच्या बंगल्याच्या कुंपणालगत चार झाडं आपोआप उगवली. (बंगल्यात शनिवार-रविवारी पाहुणे उतरतात. ते कुंपणापलीकडे काय काय फेकतात, ते आम्ही बघत नाही.) नवरात्रापर्यंत झाडं माझ्या उंचीची झाली. सासूबाईंनी एक फांदी आणून माझ्यापुढे धरली.

"सूनबाय, तू शाळेत झाडापानांचाच शिकवतेस ना? ही अंबाडी हाय का गो?"

मी पान उलटसुलट पाहिलं. पंजासारखं, कडा कातरलेल्या.

"अंबाडीच आहे, आई."

"पन अंबाडीला फुलं मोठी येतात."

"ही वेगळी जात असेल," मी म्हणाले. शिक्षकाला 'माहीत नाही' म्हणायची सवय नसते.

सासूबाई हरखल्या. त्यांचे वडील अंबाडीचे दोर वळायचे. मला सातवा महिना होता. "बाळाच्या पाळन्याची दोरी मी माझ्या हातानं वळनार," त्या म्हणाल्या. "बाजारातली नायलॉनची नको."

झाडं कापली, जुड्या बांधल्या, पडवीच्या वाशाला सुक्या बोंबलांशेजारी टांगल्या. वास असा सुटला, की बोंबील बिचारे सोज्वळ वाटायला लागले. येणारे-जाणारे नाक मुरडून विचारायचे. सासूबाई अभिमानानं सांगायच्या, "अंबाडी हाय. आमच्या सूनबायनं वलखली."

दिवाळीत त्यांचा भाचा दत्ता फराळाला आला. दत्ता पोलिसात हवालदार. चकली तोंडात घालून त्यानं वर पाहिलं आणि चावायचा थांबला.

"आत्या, ह्या काय टांगलंस?"

"अंबाडी. वहिनीला इचार."

दत्तानं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, शाळेत काय शिकवता?"

"जीवशास्त्र."

त्यानं हातातली उरलेली चकली ताटात ठेवली. "हा गांजा हाय."

सासूबाई लगेच उठून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "झाडं मी कापली, मी वाळवली. हिला काय ठावं न्हाय. न्यायचं तर मला ने."

मघापर्यंत माझी विद्वत्ता गावभर मिरवणारी ही बाई आता मला अडाणी ठरवायला धडपडत होती. माझे डोळे भरून आले.

दत्तानं साहेबांना फोन केला. साहेब आले, झाडं उगवली ती जागा पाहिली, सासूबाईंचं पाळणापुराण शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ओळखलं कोणी?"

मी हात वर केला. साहेबांनी माझं पोट पाहून आधी मला बसायला खुर्ची द्यायला लावली.

जुड्या गोणीत भरून नेताना ते म्हणाले, "परत असं काही उगवलं तर फोन करा. ओळखत बसू नका."

त्या दुपारी सासूबाईंनी पेटीतून लग्नातलं लुगडं काढलं आणि टर्रकन फाडलं.

"आई, ते कशाला?"

"दोरी तर हवीच ना."

मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. वळताना दोरीचा तिढा धरायला मात्र समोर बसवलं.

त्याच दोरीच्या पाळण्यात मुलगी झोपली. बारशाला बायका वाकून वाकून बघत होत्या, नाक कोणाचं, कपाळ कोणाचं. मी म्हणाले, "मला वाटतं..."

"तू ऱ्हाऊ दे," सासूबाई दोरी ओढत म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाला तरी वलखू दे."