एक रांजण द्या

भोसरीत कारखाने वाढत होते, तेव्हा मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचे. दक्षिण ध्रुवाकडच्या उपसागरांना आणि सामुद्रधुन्यांना नावं कशी पडली, हा माझा आवडता धडा. तिथं वस्तीच नव्हती, म्हणून आधी पोचलेल्या खलाशांनी हवी ती नावं दिली: राणीचं, बर्फात अडकलेल्या जहाजाचं, खर्च उचलणाऱ्या शेटजीचं. शेटजीपाशी माझा आवाज चढायचा. घरबसल्या अख्खा समुद्र नावावर.

आमच्या खोल्यांपुढच्या बसथांब्यालाही नाव नव्हतं. शेजारच्या वहिनी बौद्ध. गावाकडं त्यांना विहिरीवर चढू देत नव्हते. इथं आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी दारात रांजण पुरला, आणि बससाठी थांबलेल्या प्रत्येकाला पाणी दिलं. कुणाला गाव विचारलं नाही, जात तर नाहीच. नोकरीवर रुजू व्हायला आले त्या दिवशी मीही भर उन्हात बसमधून उतरून तेच पाणी प्यायले. त्या तांब्याची आठवण आली की अजून जीव निवतो. हळूहळू कंडक्टर हाकारायला लागले, "रांजणवाले, पुढं या."

नंतर नळ आले, रांजण तडकला. थांब्यावर एका पुढाऱ्याच्या नावाची पाटी लागली, ती कुणी वाचत नाही. वहिनींच्या गावची माणसंही पुढं इथं कामाला आली. बसमध्ये चढली की तीसुद्धा कंडक्टरला म्हणायची, "एक रांजण द्या."